कानावर आलेलं आणि खरं घडलेलं: कोकणातल्या घरगुती वादांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीला घर भरतं, आणि वर्षभर मनात साठलेलं बोलणंही त्याच पाच-सात दिवसांत बाहेर पडतं. गावात राहणारा भाऊ आणि मुंबईहून आलेला चाकरमानी एकाच पडवीत बसतात. दोघांच्या कानावर आलेली हकीकत मात्र वेगवेगळी असते. जमीन, आंब्याचे पैसे, आईचं औषधपाणी, बहिणींच्या सह्या यांवरून उठणारे वाद रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत फार वेगळे नसतात. हे प्रश्न अशाच वादांतून आले आहेत. वारशाबद्दल जे लिहिलं आहे ते हिंदू वारसा कायद्यापुरतं आहे. मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांचे वारशाचे नियम वेगळे असतात. सातबारा, फेरफार (सातबारावर झालेल्या बदलाची नोंद), बैठक आणि हिशेब यांबद्दलचं मात्र सगळ्यांना लागू पडेल.

कानगोष्ट म्हणजे खोटं, असंच ना?

नाही. बऱ्याच कानगोष्टींच्या पोटात खरं काहीतरी असतं, म्हणून तर त्या टिकतात. "दादाने आमचं नाव सातबारावरून काढलं" हे वाक्य घ्या. त्यात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या आहेत: नाव आज दिसत नाही, ते दादाने काढलं, आणि आम्हाला बुडवायला काढलं. पहिली गोष्ट कागद बघून पाच मिनिटांत कळते. दुसरीला फेरफार काढून वाचावा लागतो. तिसरी दादाच्या मनातली आहे, ती त्याला विचारल्याशिवाय कुणालाच ठाऊक नसते. कानगोष्टीत तिन्ही एका दमात सांगितल्या जातात, त्यामुळे पहिली खरी निघाली की उरलेल्या दोन्हीही खऱ्याच वाटू लागतात. वादाला बसण्याआधी ही तीन वाक्यं तीन ओळींत वेगळी लिहा. अर्धी भांडणं या कामातच निवळतात, कारण तिसऱ्या ओळीपुढे लिहायला कुणाकडेच काही नसतं.

ऐकलेली गोष्ट तपासायची तर सुरुवात कुठून करायची?

ज्या रात्री ऐकलं त्याच रात्री ते वाक्य जसंच्या तसं वहीत लिहा. स्वतःच्या शब्दांत नको, सांगणाऱ्याच्या शब्दांत. खाली चार गोष्टी लिहा: सांगणाऱ्याने स्वतः पाहिलं की ऐकलं, कधीची गोष्ट, किती (पैसे, गुंठे, पेट्या, तोळे), आणि कुठे लिहिलेलं आहे का. ज्या जागा रिकाम्या राहतील तेवढंच तपासायचं बाकी आहे.

मग उगमाकडे चालत जा. "तुम्हाला कुणी सांगितलं?" हे शांतपणे विचारलं तर दोन-तीन पायऱ्यांत मूळ माणूस सापडतो. "सगळेच म्हणतात" असं उत्तर आलं तर त्या सगळ्यांतल्या एकाचं नाव मागा. पुष्कळदा चार जणांनी सांगितलेली गोष्ट एकाच काकीच्या एकाच फोनवरून निघालेली असते. तोंडं चार असली तरी साक्ष एकच, आणि तीही कदाचित ऐकीव.

शेवटी ज्याच्याबद्दल आहे त्याला विचारा. ही पायरी सगळ्यात जास्त वगळली जाते. विचारताना आरोप करू नका, कागद किंवा आकडा विचारा. "तू पैसे खाल्लेस का?" याला एकच उत्तर येतं. "यंदाच्या आंब्याच्या, दलालाच्या हिशेबाच्या पट्ट्या कुठे ठेवल्यायस, बसून बघूया का?" याला काहीतरी हाती लागणारं उत्तर येतं.

आगीशिवाय धूर निघत नाही म्हणतात, ते?

धूर कुणाच्या परसातून येतोय हे लांबून कळत नाही, एवढं लक्षात ठेवा. काहीतरी घडलं असेल म्हणून तपास जरूर करा. तपासाआधी माणूस ठरवू नका.

साधं बोलणं वाटेत इतकं कसं बदलतं?

एक नमुना जवळून बघूया. आषाढातली लावणी चालू आहे, घरात चिखलाचे पाय. वहिनी शेजारणीला म्हणते, "आईंची बीपीची गोळी संपली, बुधवारी तालुक्याला गेले की आणते." शेजारीण संध्याकाळी दुसरीला सांगते, "त्यांच्या म्हातारीची गोळी संपलीय, अजून आणली नाही." दुसरी रात्री मुंबईला नणंदेला फोन करते, "काय सांगू तुका, आईला गोळ्या आणत नाहीत." शुक्रवारी डोंबिवलीत बोललं जातं, "आईचं औषध बंद केलंय."

कुणीही ठरवून खोटं बोललेलं नाही. पहिल्यांदा "बुधवारी" गळालं. मग "आणली नाही"चं "आणत नाहीत" झालं, म्हणजे एकदा घडलेली गोष्ट रोजची झाली. शेवटी त्यात हेतू शिरला. मराठीत हा बदल एका क्रियापदाच्या शेपटीत होतो, म्हणून तो कानाला जाणवतही नाही. "देत नाहीत", "करतच नाहीत", "नेहमी", "कधीच" असे शब्द आले की थांबून विचारा: शेवटचं कधी घडलं? त्याआधी कधी? दोन तारखा सांगता आल्या नाहीत तर ती सवय धरू नका, प्रसंग धरा. इथे तर गोळ्यांचं रिकामं पाकीट आणि औषधाच्या दुकानाची पावती बघितली की दोन मिनिटांत उलगडा होतो.

सातबारावर आमचं नावच नाही. भावाने जमीन खाल्ली असंच समजायचं का?

नाव नसण्याची कारणं निदान पाच आहेत आणि त्यातलं एकच फसवणुकीचं आहे.

पहिलं, नाव कधी लागलेलंच नाही. आजोबा वारले, वारस नोंद झालीच नाही, सातबारावर अजून आजोबाच उभे आहेत. कोकणात हे फार. दुसरं, जुन्या काळी थोरल्या भावाचं एकट्याचं नाव "ए.कु.मॅ." म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून लागलं. असं नाव म्हणजे त्याची एकट्याची मालकी नव्हे, तो घराच्या वतीने उभा असतो. संगणकावर उतरवताना किंवा पुढच्या वारस नोंदीत ती तीन अक्षरं गळाली, की पुढच्या पिढीला तो एकटाच मालक दिसतो आणि आग लागते. तिसरं, टंकलेखनाची चूक. अशी लेखनातली चूक महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966च्या कलम 155 खाली अर्ज करून दुरुस्त होते. चौथं, घरच्याच वाटणीत तो सर्व्हे नंबर दुसऱ्याकडे गेला आणि तुम्हाला दुसरा मिळाला, पण तुम्ही बघताय पहिलाच. आणि पाचवं, वारस नोंद करताना मुद्दाम किंवा "बहिणींचं कशाला" म्हणून नावं वगळली.

यातलं कुठलं, हे फेरफार सांगतो. सातबारावर नावाशेजारी जो क्रमांक असतो तो फेरफाराचा. जुन्या हस्तलिखित उताऱ्यात एखाद्या नावाला कंस केलेला दिसला तर ते नाव कमी झालं असं समजायचं, आणि का कमी झालं ते त्या क्रमांकाच्या फेरफारात वाचायचं. डिजिटल सही असलेला सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर 15 रुपयांत निघतो. खाते उतारा म्हणजे 8अ सोबत काढा, म्हणजे त्या खात्यावरचे सगळे गट, म्हणजे जमिनीचे तुकडे, एकदम दिसतात. जुने फेरफार तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून अर्ज करून नकलेने मिळतात. एकच उतारा आणून भांडायला बसू नका. आजोबांच्या नावापासून आजपर्यंतचे सगळे फेरफार तारखेने लावा.

नवा फेरफार धरला की हितसंबंधितांना नमुना 9ची नोटीस निघते आणि हरकतीला 15 दिवस असतात. प्रलंबित फेरफार "आपली चावडी" या संकेतस्थळावर दिसतात, मुंबईत बसूनही बघता येतात. चाकरमान्यांची अडचण अशी की नोटीस गावच्या पत्त्यावर येते आणि दाराच्या फटीत पावसाळा काढते. नोटीस मिळाली नाही आणि नोटीस लपवली, यात फरक आहे. मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार मंजूर केला असेल तर प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. मुदत 60 दिवसांची असते, उशीर झाला तर कारणासह माफीचा अर्ज जोडावा लागतो.

आणखी एक, याबद्दल गैरसमज फार आहे. सातबारा हा महसुलाचा कागद आहे. त्यावरची नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात, पण मालकीचा शेवटचा निर्णय दिवाणी न्यायालयात होतो. नाव नाही म्हणजे हक्क गेला, असं कुणी सांगितलं तर ती कानगोष्टच.

"तीन आणे आमचे" असं घरात म्हणतात. ते खरं किती?

कोकणातल्या सामाईक जमिनींत आणेवारी अजून चालते. पूर्ण जमीन 16 आणे, एक आणा 12 पै. तीन भावांत सारखी वाटणी म्हणजे प्रत्येकी 5 आणे 4 पै. तोंडी सांगितलेले आणे पुढच्या पिढीत जुळेनासे होतात, कारण वारस वाढतात आणि लोक जुनाच आकडा म्हणत राहतात. सगळ्यांचे आणे एका कागदावर मांडून बेरीज करा. 16च्या वर गेली तर कुणाचा तरी आकडा ऐकीव आहे, 16च्या खाली राहिली तर कुणाला तरी विसरलात. विसरलेली बहुधा आत्या असते.

बहिणींनी सह्या दिल्या, हक्क सोडला, असं सगळे म्हणतात. कसं कळणार?

कोणत्या कागदावर सही, हे विचारा. वारस नोंदीच्या प्रतिज्ञापत्रावर सही असते, मुखत्यारपत्रावर असते, कर्जाच्या संमतीवर असते. यातल्या कशानेही हक्क सुटत नाही. स्थावर मालमत्तेवरचा हक्क सोडायला हक्कसोडपत्र लागतं आणि ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. नोंदवलं असेल तर दस्त क्रमांक आणि वर्ष असणारच. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक 2, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा, शोधता येते. "माहेर तुटू नये म्हणून ती तोंडी नको म्हणाली" याला घरात मान असेल, कागदावर त्याला वजन नाही.

"लग्नात खर्च केला, आता हिस्सा कसला" हेही खरं नाही. हिंदू वारसा कायद्यात 9 सप्टेंबर 2005पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखाच जन्मापासून हक्क आहे. त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी स्पष्ट केलं. 20 डिसेंबर 2004च्या आधी झालेली नोंदणीकृत किंवा न्यायालयाच्या हुकुमाची वाटणी मात्र त्यामुळे उघडत नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. बहिणीने नुसता उतारा मागितला की "ती कोर्टात जाणार" अशी बातमी वाडीत फिरते. उतारा मागणं म्हणजे दावा नाही. तिला उतारा द्या आणि सोबत बसून वाचा.

आंब्याचे लाखो रुपये गावचा भाऊ एकटा घेतो, असं मुंबईत बोलतात. हिशेब कसा बघायचा?

ही तक्रार मे महिन्यात हमखास येते. बोलणारे पेटीचा भाव गुणिले पेट्या एवढंच करतात. तेही सुरुवातीच्या पेटीचा वाशीतला भाव धरून, जो एप्रिल संपता संपता राहत नाही.

समजा 25 कलमं आहेत आणि हंगामात पाच डझनाच्या 150 पेट्या गेल्या. सरासरी 1,500 रुपये मिळाले तर 2,25,000. आता खर्च मांडा: सहा फवारण्या 42,000, तीन महिने राखणी 36,000, तोडणी-भरणीची मजुरी 30,000, पेट्या आणि गवत 18,000, गाडीभाडं 15,000, पावसाळ्यात घातलेलं खत 15,000, हमाली आणि किरकोळ 4,000. एकूण 1,60,000. उरले 65,000, चार भावांत 16,250 प्रत्येकी. आकडे तुमच्या बागेचे वेगळे असतील, रीत हीच ठेवा.

कागद कोणते बघायचे? दलालाकडून आलेली प्रत्येक पट्टी, तिच्यात पेट्या, भाव आणि कापलेली रक्कम असते. औषध दुकानाची बिलं. मजुरीची वही. बाग कराराने दिली असेल तर करारनामा आणि मिळालेले हप्ते. पट्ट्या आणि बँकेतली जमा जुळवा, फरक तिथेच दिसतो.

मागच्या वर्षी 65,000 आणि यंदा शून्य, म्हणजे लबाडी झाली, असंही धरू नका. हापूस एक वर्षाआड भरतो. मोहोर उशिरा आला, तुडतुडा लागला, फेब्रुवारीत अवकाळी पाऊस झाला की सेटिंग, म्हणजे नुकतीच धरलेली फळं, गळतं, फवारणीचा खर्च मात्र तेवढाच. शेजारच्या दोन बागांची त्या वर्षीची गत विचारा, अंदाज येईल.

खरी गाठ या हिशेबात एका जागी असते आणि ती कुणी उघड बोलत नाही: गावच्या भावाच्या स्वतःच्या कष्टाची किंमत. तो रात्री माकडं-रानडुकरं हाकतो, त्याची मजुरी खर्चात धरायची की नाही? त्याला वाटतं धरली जाते, मुंबईकरांना वाटतं प्रश्नच नाही. "भाऊ खातो" आणि "भावांना कदर नाही" या दोन्ही कानगोष्टी या न ठरलेल्या आकड्यातून जन्म घेतात. आमचं मत विचाराल तर मोहोर येण्याआधी, दिवाळीच्या सुमारास, त्याची रक्कम किंवा टक्का ठरवून लिहावा. आंबा उतरल्यावर ठरवायला गेलात तर प्रत्येक जण पेट्या मोजतच बोलतो.

हायवेच्या जमिनीचा मोबदला एकाने परस्पर घेतला म्हणतात.

भूसंपादनाचा निवाडा कागदावर असतो. गट क्रमांक, क्षेत्र, नावं आणि रक्कम सगळं त्यात लिहिलेलं असतं आणि पैसे बँकेतून जातात. सक्षम प्राधिकाऱ्याच्या कार्यालयात, बहुतेक ठिकाणी प्रांत कार्यालयात, नक्कल मागा. माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो, उत्तराला 30 दिवस. हिश्श्याचा वाद असेल तर पैसे वाटण्याआधी लेखी हरकत द्या. तो वाद मग दिवाणी न्यायालयाकडे पाठवला जातो.

काकांनी शेवटच्या दिवसांत मृत्युपत्र करून घेतलं, अशी कुजबूज आहे.

मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही, त्यामुळे "नोंदवलं नाही म्हणजे खोटं" हे चूक. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यात. नोंदवलेलं असेल तर माणूस हयात असेपर्यंत त्याची नक्कल फक्त त्याला मिळते, मृत्यूनंतर कुणीही अर्ज करून घेऊ शकतो. तारीख बघा, साक्षीदार कोण ते बघा, त्या आठवड्यातले दवाखान्याचे कागद बघा. शंका एवढ्यावर उभी राहते की नाही, ते वकिलाला विचारा. तेराव्याच्या जेवणावळीत हा विषय काढू नका.

घरात आजार संपत नाही. भगताने सांगितलं की भावकीतल्या एकीने करणी केली.

याला कुठलाही कागद, साक्ष किंवा तारीख नसते, आणि नुकसान मात्र सगळ्यात मोठं असतं. नाव बहुधा विधवेचं, एकटीचं किंवा ज्या घराशी आधीच वाद आहे त्या घराचं निघतं, हे लक्षात घ्या. एखाद्या व्यक्तीवर करणी केल्याचा ठपका ठेवून तिला त्रास देणं हा महाराष्ट्राच्या 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. आजारी माणसाला डॉक्टरकडे न्या आणि ते नाव पुढे कुणालाही सांगू नका. एकदा उच्चारलेलं असं नाव ती बाई मरेपर्यंत पुसलं जात नाही.

ग्रामदेवतेला कौल लावणं, गाऱ्हाणं घालणं ही श्रद्धेची गोष्ट आहे, त्याने मन शांत होत असेल तर व्हावं. पण कौलाच्या आधारावर कुणाला चोर ठरवू नका. आणि कौलाने वाटणी ठरली तरी सातबारा त्याने बदलत नाही.

वादामुळे भावकीने आमच्याकडे येणं-जाणं बंद केलंय. ही फक्त नाराजी की वाळीत टाकणं?

एका भावाने तुमच्याशी बोलणं सोडलं तर ती नाराजी. गावकीने किंवा समाजाच्या बैठकीने ठरवून तुमच्याकडे मयताला, लग्नाला, देवळात येण्यास मनाई केली, येणाऱ्याला दंड ठेवला, तर तो सामाजिक बहिष्कार. 2016च्या महाराष्ट्राच्या कायद्याने त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. कोण, कुठल्या बैठकीत, काय म्हणालं, कुणाला यायला अडवलं, हे तारखेसह लिहून ठेवा.

सून म्हणते नवरा मारतो, घरचे म्हणतात बाहेरच्यांनी कान भरले. इथेही आधी कागद मागायचा का?

नाही. जमिनीच्या आणि पैशांच्या बाबतीत वर सांगितलेली शिस्त इथे लावू नका. मारहाण बंद दाराआड होते, तिला साक्षीदार नसतात, आणि "घरातली गोष्ट" म्हणून ती दाबली जाते. आधी तिला आणि मुलांना सुरक्षित ठिकाणी न्या, पुढचं पुढे. तातडीला 112, महिलांसाठी 181, मुलांसाठी 1098. सरकारी दवाखान्यात तपासणी करून कागद घ्या. 2005च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार देता येते. स्त्रियांना विधी सेवा समितीतर्फे मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. सगळ्यांसमोर नवऱ्याशी समोरासमोर बसवून "खरं-खोटं करण्याची" बैठक इथे घेऊ नका. तो नवरा त्याच रात्री तिच्यासोबत घरी जाणार असतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला स्क्रीनशॉट किंवा रेकॉर्डिंग पुरावा धरायचा का?

स्क्रीनशॉटच्या वरचं आणि खालचं मागा. तारीख, आधीचा प्रश्न आणि नंतरचं उत्तर कापलेलं असेल तर तो अर्धाच आहे. रेकॉर्डिंग असेल तर पूर्ण ऐका, बारा सेकंदांचा तुकडा नको. आणि भावकीच्या गटावर वाद घालू नका. तिथे चाळीस जण वाचतात, त्यातल्या तीस जणांचा जमिनीशी संबंध नसतो, तरी त्यांच्यासमोर कुणीच मागे हटत नाही. गटावर एवढंच लिहा: "या विषयावर रविवारी दादाशी फोनवर बोलतो."

बैठक कधी आणि कशी घ्यावी?

गणपती आणायच्या दिवशी नको, विसर्जनाच्या आदल्या रात्री तर मुळीच नको, कारण अर्धी मंडळी परतीच्या गाडीच्या विचारात असतात. गौरी-गणपती गेल्यावर एखादा दिवस जास्त राहा, नाहीतर मे महिन्यात घ्या. वेळ सकाळची, चहानंतर. रात्री जेवून बसलेली बैठक, त्यातही कुणी थोडी घेतलेली असेल तर, फिसकटतेच.

ज्यांचा हक्क किंवा पैसा गुंतला आहे ते सगळे हवेत, बहिणीसुद्धा. येऊ न शकणारे फोनवर. दोन्ही बाजूंना चालेल असा एक माणूस लिहायला बसवा. त्याने निवाडा द्यायचा नाही, फक्त लिहायचं. एका बैठकीत एकच विषय, दीड तासाच्या वर नाही. बोलण्याचा नियम एकच: "मी पाहिलं" आणि "मी ऐकलं" यातलं काय, ते आधी सांगून मग वाक्य. लिहिणाऱ्याने वहीचे दोन भाग करून ते त्या त्या बाजूला लिहावं. ऐकलेल्याच्या बाजूला जे आलं त्यावर त्या दिवशी निर्णय घ्यायचा नाही, कोण काय कागद आणणार आणि कधीपर्यंत, एवढं ठरवायचं.

उठण्याआधी लिहिलेलं मोठ्याने वाचा आणि सगळ्यांनी फोटो काढून घ्या. हे वगळलं तर मुंबईला पोचेपर्यंत बैठकीच्याच चार आवृत्त्या होतात.

ठरलेलं साध्या कागदावर लिहिलं तर चालतं?

आधीच तोंडी झालेल्या वाटणीची आठवण म्हणून केलेली नोंद आणि वाटणी करणारा दस्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कागदानेच वाटणी होत असेल तर तो नोंदवावा लागतो. शेतजमिनीची वाटणी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडूनही करून घेता येते. घरात जमत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडून लोकअदालतीत विषय नेता येतो. तिथे तडजोड झाली तर तिला न्यायालयाच्या हुकुमाचं बळ असतं आणि तिच्यावर अपील नाही, म्हणून सही करण्याआधी गट क्रमांक आणि क्षेत्र दोनदा वाचा. गावची तंटामुक्ती समिती मदत करू शकते, पण तिच्यातलं कुणी तुमच्या भावकीतलं असेल तर त्याला त्या विषयापुरतं बाजूला बसायला सांगा.

चुकीची गोष्ट माझ्याच तोंडून पसरली. आता?

जितक्या जणांना सांगितली तितक्यांना फोन करा. ज्याच्याबद्दल बोललात त्याची एकट्याची माफी पुरत नाही, कारण गोष्ट इतरांच्या कानात राहिलेली असते. शब्द साधे ठेवा: "मी ते ऐकून सांगितलं होतं, पट्ट्या बघितल्या, तसं नाही." "त्याचंही काहीतरी चुकलंच असेल" अशी शेपटी जोडू नका. बदनामीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली आहे खरा, पण घरच्या वादात पोलीस ठाणं ही पहिली पायरी करू नये असं आम्हाला वाटतं.

आई प्रत्येकाला वेगळं सांगते. आता म्हणते सुनेने पाटल्या चोरल्या. कुणाचं खरं मानायचं?

म्हातारी माणसं ज्याच्याजवळ असतात त्याला बरं वाटेल असं बोलतात. त्यात कपट नसतं, त्यांना उद्याचं जेवण त्याच हातचं असतं. एका मुलाशी फोनवर बोलताना दुसरा शेजारी बसलेला असेल तर ते बोलणं मोकळं नाही, हेही समजून घ्या. प्रत्येकाने आईशी एकट्याने, दिवसाउजेडी बोलावं.

चोरीचा आरोप मात्र वेगळा. वस्तू ठेवून विसरणं आणि मग ती चोरली असं ठामपणे म्हणणं हे स्मृतिभ्रंशाचं ओळखीचं लक्षण आहे, आणि आरोप बहुधा जी रोज सेवा करते तिच्यावरच येतो. त्यासोबत तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, तारीख-वार चुकणं, ओळखीच्या वाटेवर गोंधळणं दिसत असेल तर डॉक्टरांना दाखवा. थायरॉईड, बी-12ची कमतरता किंवा लघवीचा संसर्ग यांनीही गोंधळ होतो, तो उपचाराने कमी होऊ शकतो.

तोवर आईशी वाद घालू नका आणि सुनेची झडतीही घेऊ नका. आई सोबत असताना, दोन माणसांनी मिळून शोधा: उशीची खोळ, तांदळाचा डबा, देवघरातल्या पोथ्यांमागे, जुन्या साडीच्या घडीत, माळ्यावरच्या ट्रंकेत. सापडलं तर "हे बघ, इथे नीट आहे" एवढंच म्हणा. मग सगळ्यांसमोर दागिन्यांची यादी करा, प्रत्येकाचं वजन ग्रॅममध्ये आणि फोटो, आणि ते कोणत्या कपाटात, किल्ली कुणाकडे, तेही लिहा. यादीची एक प्रत मुंबईच्या मुलांकडे द्या, एक सुनेकडे.